उंदीर मोजू नका, भोकं मोजा

मार्च २०१८. विधानसभेत एकनाथ खडसे यांनी एक आकडा सांगितला: मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले. राज्यभर गदारोळ झाला. मग खुलासा आला की हा आकडा मेलेल्या उंदरांचा नाही, वापरलेल्या विषारी गोळ्यांचा आहे. खरं कोण, खोटं कोण, यावर तेव्हा भरपूर बोलून झालं. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मंत्रालयाच्या भिंतींना, पाइपांभोवती, दारांखाली भोकं किती आहेत आणि ती बुजवायचं काम कुणाला दिलंय?

उंदीर मोजले, गोळ्या मोजल्या, भोकं राहिली. राज्याच्या मुख्यालयात जे झालं तेच आपल्या सोसायट्यांमध्ये दर महिन्याला होतं.

पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट असतं. महिन्यातून एकदा पाठीला सॅक अडकवून एक पोरगा येतो. जिन्याखाली, मीटर रूममध्ये, पंपाच्या बाजूला विषाच्या वड्या ठेवतो, वहीवर वॉचमनची सही घेतो आणि पुढच्या बिल्डिंगकडे जातो. पुढच्या खेपेला वड्या कुरतडलेल्या दिसल्या की सेक्रेटरी मान डोलावतात: औषध लागू पडतंय. अहो, वडी कुरतडली याचा अर्थ उंदीर अजून येतायत. बाराव्या महिन्यातही ती तशीच कुरतडलेली असेल, तर ज्या वाटेने तो आत आला ती वाट वर्षभर उघडीच राहिली. कंत्राटात वड्यांची संख्या लिहिलेली असते. भोकं बुजवण्याचं एक कलमही नसतं.

मारून उंदीर का संपत नाहीत, हे समजायला शाळेतलं गणित पुरतं. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते. एका वेतात सहा ते बारा पिल्लं. ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. त्यांची संख्या ठरते ती दोन गोष्टींवर, खायला किती आणि लपायला किती. निम्मे मारलेत तर उरलेल्या निम्म्यांच्या वाट्याला दुप्पट खाणं येतं, आणि थोड्याच दिवसांत संख्या होती तिथे. शिवाय उंदीर सावध असतो. नवी वस्तू दिसली की आधी तिच्याकडे पाठ फिरवतो, मग चिमूटभर चाखून बघतो. झटपट गुण दाखवणारं विष थोडंसं खाऊन जो आजारी पडला आणि वाचला, तो त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही.

मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात. एका रात्रीत तीस उंदरांचं लक्ष्य. सगळं शहर झोपलेलं असताना घाणीत उभं राहून हे काम करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच राग येतो तो आपला. ते खाली गल्लीत तीस मारतात, आणि आपण चौथ्या मजल्याच्या खिडकीतून डक्टमध्ये शिळी पोळी भिरकावतो. सकाळी पारव्यांना म्हणून टाकलेले दाणे रात्री उंदीर खातात. रात्री जेवण झाल्यावर कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवायची आणि सकाळी ती फाटलेली दिसली की वॉचमनवर ओरडायचं, हा तर आपला नित्यक्रम. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता जरा ओट्याखाली वाका.

आमच्या शेजारच्या काकूंकडे उंदराने उच्छाद मांडला होता. ओट्यावर सगळी फौज हजर: गोळ्यांची पुडी, चिकटपट्टी, सुक्या बोंबलाचा तुकडा लावलेला पिंजरा. सिंकखालचं कपाट रिकामं करून आत बॅटरी मारली. सिंकचा पाइप भिंतीत जातो तिथलं भोक पाइपाच्या दुप्पट मोठं. कधीतरी त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. त्याचा भुगा होऊन खाली पडलेला. भोकाच्या खालच्या कडेला काळपट, तेलकट पट्टा. रोज त्याच जागी अंग घासून गेलं की उंदराच्या केसांमधली घाण आणि चरबी असा डाग सोडते. त्या पट्ट्याच्या रेषेत लेंड्या. कुठून येतो, हे कोडं नव्हतंच. त्याने स्वतःचा रस्ता आखून ठेवला होता. प्लंबरने लोखंडी जाळीचा तुकडा कापला, पाइपाभोवती बसवला, वरून सिमेंट लिंपलं. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. त्यानंतर त्या स्वयंपाकघरात रात्री खुडबुड नाही.

भोक केवढं चालतं? पेन्सिल आत गेली तर पिटुकला उंदीर आत जातो. त्याला सहा मिलिमीटरची फट पुरते. अंगठा आत गेला तर मोठा उंदीर आलाच म्हणून समजा. ही तपासणी कुणीही करू शकतो. सिंकचा पाइप, वॉशिंग मशीनचा पाइप, गॅसची नळी, एसीच्या तांब्याच्या नळ्या, एक्झॉस्ट पंखा, बाथरूमची खिडकी, मोरीतल्या नहाणी ट्रॅपची हललेली जाळी, मुख्य दाराखालची फट. कागद, थर्माकोल, कापडाचा बोळा, फोम यांपैकी काहीही कोंबू नका. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, तो ते झिजवत राहतो. मऊ वस्तू त्याला अडवत नाही. लोखंडी काथ्या, बारीक छिद्रांची जाळी आणि सिमेंट त्याला अडवतात. दाराच्या खाली पत्र्याची पट्टी ठोका. गच्चीला किंवा खिडकीला टेकलेली झाडाची फांदी छाटा. काळा उंदीर उत्तम चढतो.

आणि धान्य झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्या आज्यांनी शिंकं आढ्याला टांगलं ते उंदीर-मांजर पोचू नये म्हणूनच. मारायचा विचार नंतर, आधी त्याचा हात अन्नापर्यंत पोचू द्यायचा नाही, ही समज आपल्या स्वयंपाकघरात होती. पिशव्यांमधल्या डाळी आणि चिमटा लावलेली बिस्किटांची पाकिटं आल्यापासून ती सुटली.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं नाही. टोरोंटोत राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना विचारा. तिथे रॅकून आहे: डोळ्यांवर काळा पट्टा, अंगाने मांजरापेक्षा थोराड, आणि पुढच्या पंजांना पाच बोटं. त्या बोटांनी तो कड्या काढतो, झाकणं उघडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका अमेरिकन संशोधकाने रॅकूनसमोर तेरा प्रकारच्या कड्या-कुलपांचे अडथळे ठेवले. त्यांतले अकरा त्यांनी उघडले. टोरोंटोने काय केलं? २०१६ पासून घरोघरी ओल्या कचऱ्याचे नवे डबे दिले, मूठ फिरवल्याशिवाय झाकण उघडणार नाही असे. खर्च सुमारे तीन कोटी कॅनेडियन डॉलर. काही रॅकूननी तेही उघडून दाखवले, पण शहराने पैसा कशावर लावला ते बघा. झाकणावर लावला.

वसंतात रॅकूनची मादी माळ्यावर पिल्लं घालते. तिथले जाणकार कारागीर पिल्लं हाताने उचलून बाहेरच्या पेटीत ठेवतात आणि भोकावर एकाच दिशेने उघडणारं झडपेचं दार बसवतात. आई बाहेर येते, पण परत आत जाऊ शकत नाही. ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. मग जाड जाळीने भोक कायमचं बंद. ऑन्टारिओ प्रांताचा नियम असा की पकडलेला वन्यप्राणी पकडला तिथून एक किलोमीटरच्या आतच सोडायचा. म्हणजे आपली पीडा उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायला कायद्याची परवानगी नाही.

आपल्याकडे काय चालतं? पिंजऱ्यात उंदीर अडकला की सकाळी फिरायला जाताना पिंजरा बरोबर न्यायचा आणि शेजारच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे, नाहीतर झोपडपट्टीच्या तोंडाशी उघडायचा. हा सरळ सरळ अन्याय आहे. आपल्या घरातून काढलेला उंदीर ज्यांच्या दारात सोडतो त्यांच्या घरांना आपल्यापेक्षा जास्त भोकं असतात, आणि तिथली मुलं जमिनीवर झोपतात.

त्याहून वाईट ती चिकटपट्टी. एकदा ती दिव्याखाली धरून बघा. उंदीर पोटाने चिकटलेला, एक पाय सोडवायला स्वतःचीच कातडी ओढतोय, तासन् तास किंचाळतोय. आणि मग घरातलं कुणीतरी ती पट्टी तशीच, जिवंत जनावरासकट, कचऱ्यात टाकतं. पुढे ती सफाई कामगाराच्या हाताला लागते. त्याच पट्टीवर पाल चिकटते, चिमणी चिकटते, चिचुंद्री चिकटते. चिचुंद्री उंदराच्या कुळातली नाहीच. ती झुरळं आणि किडे खाते. तिला मारून आपण झुरळांचा मार्ग मोकळा करतो. भारतीय पशुकल्याण मंडळाने या चिकटपट्ट्यांवर बंदी घाला असं राज्यांना कळवलं आहे. दुकानात त्या अजून मिळतात, कारण आपण मागतो.

विषाचीही तीच गत. वड्यांमध्ये असतं ते रक्त गोठू न देणारं विष. ते खाल्लेला उंदीर जागच्या जागी मरत नाही. चार-पाच दिवस सुस्तावून फिरतो, मग फॉल्स सीलिंगवर नाहीतर कपाटामागे मरतो. ज्या घरात असा वास सुटलाय त्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही. त्या आधी त्याला घुबडाने किंवा मांजराने उचललं तर विष त्यांच्याही पोटात जातं. गव्हाणी घुबड एका रात्रीत अनेक उंदीर खातं, धामण बिळात शिरून उंदीर खाते. शेतकऱ्याच्या या दोन फुकट राखणदारांपैकी एकाला आपण विषाने मारतो आणि दुसरीला काठीने.

पण मला खरी भीती वाटते ती धान्यात ठेवायच्या गोळीची. अॅल्युमिनियम फॉस्फाइड. ओलाव्याशी संबंध आला की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्याच्यावर उतारा नाही. ही गोळी धान्याच्या गोदामांसाठी आहे, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली. सामान्य गिऱ्हाइकाला ती विकायची परवानगीच नाही. तरी ती सुटी मिळते, आणि माणसं ती झोपायच्या खोलीतल्या गव्हाच्या पिंपात, नाहीतर उंदराच्या बिळात टाकतात. वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो. ज्या भोकातून उंदीर येतो, त्याच भोकातून मरणही येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ एका घरात पेस्ट कंट्रोलवाल्यांनी उंदराचं विष ठेवलं. कुटुंब रात्री एसी लावून झोपलं. दोन लहान भावंडं गेली, आईवडील रुग्णालयात. कुठलाही उंदीर इतका धोकादायक नाही की त्याच्यासाठी घरातल्या लेकरांचा जीव पणाला लावावा. घरात धुरीची गोळी नको म्हणजे नको. यात दुमताला जागा नाही.

कुणी म्हणेल, उंदीर एवढासा, त्याचं एवढं काय? त्यांनी मांडवी आठवावी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. सरकारने घरं झडझडून तपासली, सामान जाळलं, गटारांत जंतुनाशक ओतलं, माणसांना छावण्यांत नेलं. पुण्यात या झडत्यांनी लोक इतके पेटले की २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्या वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिलं की रोग उंदराच्या अंगावरची पिसू पसरवते. तोवर झडती माणसांची झाली होती. त्याच १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला: रुंद रस्ते, हवा-उजेडाची घरं, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती. रोगाला उत्तर म्हणून शहराला शेवटी घरबांधणीच बदलावी लागली.

तेही फार जुनं वाटत असेल तर १९९४ घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. लोक घरं सोडून बाहेर राहू लागले; पडक्या, रिकाम्या घरांत धान्य तसंच राहिलं आणि उंदीर माजले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले आणि तज्ज्ञांनी बोट दाखवलं ते याच घरांतल्या धान्याकडे. सप्टेंबरात सुरत हादरली, लाखो लोक शहर सोडून पळाले. त्या सुरतेत १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना केबिनमधून उठवून रोज वॉर्डात उभं केलं, रस्ते रात्री झाडायला लावले, घाण करणाऱ्या खानावळींना दंड केले. दोन वर्षांत ते शहर देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत मोजलं जाऊ लागलं. सुरतेला जे जमलं ते ठाण्याला, नाशिकला, सोलापूरला का जमू नये?

आणि प्लेग नसला तरी लेप्टो दर पावसाळ्यात दार ठोठावतो. उंदराच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर लेप्टोने माणसं नेली. तेव्हापासून महापालिका सांगत आली आहे की साचलेल्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तशी डॉक्सिसायक्लीन घ्या. हे ऐकाच. आणि ओट्याखालच्या लेंड्या सुक्या झाडूने झाडू नका. ब्लीचच्या पाण्याने भिजवा, हातमोजे घालून पुसून घ्या.

पाऊस तोंडावर आहे. पहिल्या मोठ्या सरीत बिळांमध्ये पाणी शिरेल आणि उंदीर कोरड्या जागी निघतील. कोरडी जागा म्हणजे आपली घरं. तेव्हा भोकं बुजवायची ती आत्ता.

अनेक घरांत उंदीर मारायला मन धजत नाही. गणपतीचं वाहन आहे, जीव आहे, पाप लागेल. मी त्या भावनेचा मान राखतो. आणि म्हणूनच सांगतो, जाळी आणि सिमेंट हा एकमेव उपाय असा आहे ज्यात मारायला निघालेल्याचंही काम होतं आणि न मारणाऱ्याचंही. त्यात कुणाच्या श्रद्धेला धक्का नाही, लेकराला धोका नाही, घुबडाचा जीव जात नाही, शेजाऱ्याच्या दारात पीडा जात नाही.

पण एकट्या घराने भागत नाही. तुमच्या ओट्याखालचं भोक बंद झालं की उंदीर डक्टमधून वरच्या मजल्यावर जातो. बाहेरच्या भिंती आणि सामायिक ड्रेनेज लाइन यांची दुरुस्ती सोसायटीची असते. तिथली भोकं बुजवणं हे कमिटीचं काम आहे, उपकार नाहीत. नवीन टॉवरचा ताबा घेताना लोक मार्बलची चकाकी बघतात. पाइपांसाठी पाडलेली भोकं बिल्डरने बुजवली की नाहीत, ते बॅटरी घेऊन बघा आणि बुजवल्याशिवाय सही देऊ नका. तळमजल्यावरच्या हॉटेलचा कचरा रात्री कुठे पडतो, हे अध्यक्षांना विचारा. महापालिकेचा कीटकनाशक विभाग येऊन बिळं बघतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडा. पेस्ट कंट्रोलच्या कंत्राटात आधी पाहणी, मग भोकांची यादी, मग जाळी-सिमेंटचं काम, आणि विष लागलंच तर सर्वांत शेवटी, कुलूपबंद डब्यात. डक्टमध्ये कचरा टाकणाऱ्याला दंड, मग तो कमिटी मेंबर का असेना. कंत्राटदार महिन्याचं बिल घेऊन आला की त्याला विचारा, या महिन्यात किती भोकं बुजवली, कुठली, कुठे आहे ती यादी? यादी असेल तर बिल द्या. नसेल तर परत पाठवा.